किलिमांजारो: नक्की कोणत्या वाटेनं चढावं?

केळफूल (४ जून, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात पडीक असते, भटकंतीत पहिल्यांदाच धागा काढतेय. चूभूद्याघ्या.

लेकीच्या डोक्यात दोन वर्षांपासून किलिमांजारो आहे. एकदा नोकरी लागली की सुट्टी कुठली मिळायला, म्हणून यंदाच जायचं ठरलंय. जाणार तिघं: मी (४७), अहो (५३, रक्तदाबाची रोज एक गोळी, कमरेचं जुनं दुखणं) आणि लेक (२२, हिला काय, सॅक पाठीला लावली की निघाली). अनुभव सगळा सह्याद्रीतला. कळसूबाई तीनदा, हरिश्चंद्रगड पाचनईकडून, रतनगड, राजगड ते तोरणा. हिमालय पाहिलाय तो मनालीच्या हॉटेलच्या गच्चीवरून.

घोडं अडलंय वाटेवर. एका कंपनीनं मारांगू मार्गे ५ दिवस असं दिलंय. सगळ्यात स्वस्त, आणि मुक्कामाला लाकडी झोपड्या, पलंग, गादी. अहोंच्या कमरेसाठी मला तेच बरं वाटतंय. लेक म्हणते मचामे, कारण मैत्रिणीचे फोटो. कुणी लेमोशो म्हणतं, कुणी रोंगाई. सगळ्या वाटा शेवटी त्याच एका टोकाला जातात ना? मग एवढा फरक कसला?

मी शाळेत शिकवते. त्यामुळे सुट्टी दिवाळीची नाहीतर मे महिन्याची, तिसरी नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आतकरवाडी एक्सप्रेस (४ जून, रात्री ११:२०)

कळसूबाई तीनदा झालंय ना, मग बिनधास्त मारांगू! त्या वाटेला तिकडे 'कोकाकोला रूट' म्हणतात म्हणे, एवढी सोपी. पायवाट मळलेली, दोर नाही की कडे नाहीत. वाचलेल्या पैशात सफारी करून या, सिंह बघा.

(मी गेलेलो नाही. पण दर रविवारी सिंहगड असतो.)

अर्धा कप (५ जून, सकाळी ७:०५)

एक्सप्रेसभाऊ, दर रविवारी सिंहगड माझाही होता. ४५ मिनिटांत वर, घड्याळ लावून. त्याच जोरावर मी ५ दिवसांचं मारांगू घेतलं होतं.

पहिला मुक्काम मांडारा, २,७२० मीटर. मजेत. दुसरा होरोंबो, ३,७२०. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, पण ग्रुपमध्ये मीच सगळ्यात फिट म्हणून मिरवत होतो, त्यामुळे बोललो नाही. तिसऱ्या दिवशी किबो, ४,७०० च्या आसपास. जेवणाचं ताट समोर आलं आणि वासानंच पोट ढवळलं. अर्धा कप सूप प्यायलो, तेही पाच मिनिटांत झोपडीमागे गेलं. (आयडीचा उगम कळला असेल.)

रात्री ११ ला उठवलं. किबोवरून वर जाणारा उतार म्हणजे नुसता घसारा. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. पहाटे कसाबसा गिलमन्स पॉइंटला, ५,६८५ मीटरवर पोचलो. तिथे पाटी आहे, लोक फोटो काढतात. मला वाटलं संपलं. गाईडनं विवराच्या काठानं लांबवर बोट दाखवलं: उहुरू, म्हणजे खरं शिखर, तिकडे, अजून २१० मीटर चढ. बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकलो आणि गाठ कशी मारतात तेच आठवेना. एक हात इकडे, एक हात तिकडे, मध्ये दोन टोकं, पुढे काय? गाईडनं बघितलं, स्वतः नाडी बांधली आणि मला सरळ खाली वळवलं. होरोंबोला उतरेपर्यंत डोकं साफ झालं होतं.

पाय शेवटपर्यंत ठणठणीत होते, हीच तर गंमत. ज्या कंपनीनं ५ दिवस विकले तिनं सहाव्या दिवसाचा विषयसुद्धा काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, स्वस्त पडतंय म्हणून.

डॉ. अडुळसा (५ जून, दुपारी २:१०)

केळफूल, 'फरक कसला' याचं उत्तर अर्धा कप यांनी दिलंच आहे, मी फक्त आकडे मांडतो. वाटेचं नाव क्षणभर विसरा. प्रत्येक वाटेसाठी रात्री झोपायची उंची तेवढी ओळीनं लिहा.

मारांगू ५ दिवस: २,७२० / ३,७२० / ४,७०० / शिखर. रोज हजार मीटरची उडी. ३,००० च्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. इथे तो दोन्ही अंगांनी मोडतो. ६ दिवसांत होरोंबोला दोन रात्री मिळतात. बरं आहे, पुरेसं नाही.

लेमोशो ८ दिवस: २,६५० / ३,५०० / ३,८५० / ३,९५० / ४,००० / ४,६७० / शिखर. तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात फरक दिसत नाही ना? पण त्या दिवशी तुम्ही लाव्हा टॉवरला ४,६०० पर्यंत चढून पुन्हा बरांकोला उतरता. शरीर उंची चाखतं आणि खाली येऊन झोपतं. मचामे याच रस्त्याला मिळते, फक्त एक-दोन रात्री कमी. घेतलीच तर ७ दिवसांची घ्या, ६ ची नको.

आणि एक. कळसूबाई १,६४६ मीटर. मारांगूचं प्रवेशद्वारच १,८०० च्या वर आहे. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वरून हा ट्रेक सुरू होतो. सह्याद्रीनं पाय तयार होतात, गुडघे तयार होतात, विरळ हवेची तयारी शून्य. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो, आणि तिथे वय किंवा फिटनेस फारसं विचारात घेतलं जात नाही. उलट तरुण पोरं भराभर चढतात आणि आधी आडवी होतात.

जुना खडूस (५ जून, दुपारी ४:४५)

एवढे डॉलर ओतून आफ्रिकेतल्या डोंगरावर डोकं दुखवून घ्यायचं. इथे साल्हेर-मुल्हेर कोणी बघत नाही. बाकी चालू द्या.

आतकरवाडी एक्सप्रेस (५ जून, दुपारी ४:५२)

आजोबा, इनो घ्या. :)

डॉक्टर, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. सिंहगड पायथ्यापासून साधारण ६०० मीटर. म्हणजे किबोवरून शिखर म्हणजे एका रात्रीत सलग दोन सिंहगड, तेही निम्म्या हवेत? दंडवत.

निसटती वाट (५ जून, रात्री ९:३०)

मी मचामेनं गेलोय, ७ दिवस, सप्टेंबरात. लेकीचं चुकत नाही, वाट देखणी आहे. जंगल, मग झुडपं, मग शिराचं पठार, मग ते उंच, जटा वाढवलेल्या साधूसारखे दिसणारे सेनेसिओ. बरांकोची भिंत चढताना हात लावावे लागतात, पण दोर लागत नाही. आपल्या लिंगाण्यासमोर ती काहीच नाही. मात्र गर्दी! भिंतीवर सकाळी रांग लागते, आणि डोक्यावर बोजा घेतलेली पोर्टर मुलं त्या रांगेला वळसा घालून माकडासारखी वर जातात. आपण कातळाला मिठी मारून बघत राहायचं.

पैसे आणि दिवस असतील तर लेमोशो घ्या. पहिले दोन दिवस निवांत, पुढे रस्ता हाच. नऊ दिवस काढता आले तर नॉर्दर्न सर्किट, डोंगराला उत्तरेकडून पूर्ण वळसा. उंबवे एकदम उभी, तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. आणि कोणी 'वेस्टर्न ब्रीच' म्हणालं तर थेट नाही म्हणा. वरून दगड येतात, माणसं दगावली आहेत तिथे.

दारची वहिनी (६ जून, सकाळी ११:१५)

आले आले. चौदा वर्षं दार-ए-सलाममध्ये आहे, डोंगर दोनदा झालाय, आणि दर वर्षी कुणी ना कुणी पाहुणे याच डोंगरासाठी आमच्याकडे उतरतात.

सगळे वाटेवर बोलताय, पण केळफूलताईंच्या सुट्टीकडे कुणाचं लक्षच नाही. इथे पाऊस दोन. मोठा मार्चअखेरपासून मेपर्यंत, छोटा नोव्हेंबरच्या सुमारास. चांगले महिने जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. म्हणजे मास्तरणीच्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या पावसात! मे तर डोक्यातून काढून टाका. राहिली दिवाळी.

नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या वाटा ओल्या. मचामेच्या जंगलात घोटाभर चिखल असतो. लेमोशो पश्चिमेकडून, पहिले दिवस तीही भिजते. उत्तरेकडची रोंगाई मात्र पर्जन्यछायेत आहे. आपल्या महाबळेश्वरला धो धो आणि वाईपलीकडे उन्हं, तसंच. केनियाच्या सरहद्दीजवळून चढते, माणसं कमी, चढ सौम्य. पलंग-गादीचं म्हणाल तर त्या झोपड्या फक्त मारांगूवर, पण कमरेसाठी जाड मॅट जास्त पैसे देऊन मिळते. ६ माणसांच्या खोलीत रात्री तीनदा उठून वरच्या पलंगावरून उतरण्यापेक्षा तंबू परवडला. (उंचीवर लघवी जास्त होते, लाजायचं काय.)

रोंगाईचा तोटाही सांगते. उतरताना मारांगूच्या वाटेनं उतरतात, म्हणजे दोन बाजू बघायला मिळतात, तो फायदाच. पण शिखराचा शेवटचा चढ अर्धा कप यांनी सांगितला तोच, किबोचा घसारा. तो चुकत नाही.

केळफूल (६ जून, रात्री १०:०५)

बाई गं. मी इथे पलंग मोजत बसले होते!

वहिनी, डॉक्टर, मग रोंगाई की लेमोशो? कंपनी रोंगाई ६ दिवसांत देतेय. पहिला मुक्काम सिंबा २,६००, दुसरा किकेलेवा ३,६००, तिसरा मावेंझी टार्न ४,३००, चौथा किबो. डॉक्टरांच्या पद्धतीनं ओळीत लिहिलं तेव्हा माझंच डोकं दुखलं. आणि त्यांच्या पत्रकावर यशाचं प्रमाण 'नव्वदच्या वर' असंही छापलंय.

डॉ. अडुळसा (६ जून, रात्री ११:००)

त्या टक्क्यांना विचारा, 'यश' कुठपर्यंत मोजलं? गिलमन्स, स्टेला (तीही विवराच्या काठावरचीच जागा) की उहुरू? जाहिरातीतल्या आकड्याला मी तरी कवडीची किंमत देत नाही.

उंचीच्या हिशेबानं लेमोशो सरस आहे, खोटं कशाला बोला. पण सततच्या पावसात ओले कपडे, ओली झोपेची पिशवी, अपुरी झोप, हे सगळं धरलं तर नोव्हेंबरात रोंगाईचं पारडं जड होतं. फक्त तिचे दिवस वाढवा. मध्ये सेकंड केव्ह (३,४५०) इथे मुक्काम टाका आणि मावेंझी टार्नला दोन रात्री. ओळ अशी होते: २,६०० / ३,४५० / ३,६०० / ४,३०० / ४,३०० / ४,७०० / शिखर करून होरोंबो. आठ दिवस. टार्नच्या मोकळ्या दिवशी तंबूत लोळायचं नाही. शेजारच्या मावेंझी शिखराच्या कडेनं दोनेकशे मीटर चढायचं, तासभर बसायचं, खाली यायचं.

अहोंना फिजिशियनला दाखवून या. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असतं कधी कधी, ते आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) एकत्र घ्यायचं का हे त्यांनी ठरवायचं. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. घ्यायचीच ठरली तर एकदा घरी घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, पहिल्यांदा डोंगरावर आल्या तर माणूस घाबरतो.

डोंगरावर तीन गोष्टी लक्षात ठेवा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. झोकांड्या जायला लागल्या, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येईना, तर लगेच खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागली, तरी तेच. गाईडची परवानगी मागत बसू नका, आणि गाईड खाली चला म्हणाला तर भांडू नका.

अर्धा कप (७ जून, सकाळी ६:५०)

नाडी बांधून बघा. माझ्यावर विश्वास ठेवा.

दारची वहिनी (७ जून, दुपारी १:३०)

दिवस वाढवले की खर्च वाढणारच, कारण उद्यानाची फी माणशी आणि दिवसागणिक आहे. म्हणून जिथे भाव फारच कमी दिसतो तिथे एक तर दिवस कापलेले असतात, नाहीतर पोर्टरची मजुरी. गेटवर प्रत्येक पोर्टरचा बोजा तोलतात, मर्यादा २० किलो. पण त्याला दिवसाला किती वेळा जेवायला मिळतं ते कुठला काटा तोलणार? किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी असते. बुकिंगआधी त्या यादीत नाव बघा.

अवांतर: दुकानात मिळतात तशा प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, २०१९ पासून टांझानियात बंदी आहे. डोंगरावर फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असाल तर यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात.

अतिअवांतर: भाषेची काळजी नको. स्वाहिलीत चहाला चाय, चपातीला चपाती, साखरेला सुकारी, विम्याला बिमा. मचामे-लेमोशोच्या शेवटच्या कॅम्पचं नाव बराफू, म्हणजे बर्फच.

केळफूल (९ जून, रात्री ९:४०)

ठरलं. रोंगाई, ८ दिवस, दिवाळीची सुट्टी लागल्या लागल्या. मचामेचे फोटो हुकले म्हणून लेक दोन दिवस फुगून बसली होती, तिला डॉक्टरांची ओळ दाखवली. त्या कंपनीला फोन केला तर म्हणे, 'मॅडम, एवढे दिवस कशाला, बोअर व्हाल.' मग दुसरी गाठली.

निसटती वाट (१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५)

धागा वर काढतोय. केळफूल, आलात का? काय झालं?

केळफूल (२० नोव्हेंबर, रात्री ११:३०)

आलोय! वह्यांचे गठ्ठे बाजूला ठेवून लिहितेय.

पाऊस लागला तो पहिल्या दोन दुपारी, तासभर, बस्स. सिंबा कॅम्पला फोनवर केनियाच्या नेटवर्कचा स्वागत संदेश आला. गाईड सारखा 'पोले पोले', म्हणजे हळू हळू. इतकं हळू की अहो म्हणाले, वरातीत याहून भराभर चालतो आपण. स्वयंपाकी काकडीचं सूप करायचा. मी मेतकूट नेलं होतं, ते त्याला भातावर घालून दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून मागून घेतलं.

आता खरी गोष्ट. मावेंझी टार्नला पोचलो त्या संध्याकाळी लेक कोसळली. आम्हा दोघांना काही नाही, आणि ही, दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालणारी, तंबूत डोकं धरून बसलेली. दोनदा उलटी. गाईडनं बोटाला यंत्र लावलं, टाचेला पंजा लावून चालायला लावलं. चालली सरळ. मी म्हटलं नाडी बांध. रागानं बघत बांधली, डबल गाठ. गाईड म्हणाला रात्र काढू, वाढलं तर इथूनच खाली. सकाळी डोकं हलकं झालं होतं आणि दुपारी तिनं दोन चपात्या खाल्ल्या. ६ दिवसांचा कार्यक्रम असता तर त्याच सकाळी तिला ४,७०० ला न्यावं लागलं असतं. तो एक जास्तीचा दिवस नसता तर मी तिला घेऊन परत फिरले असते, हे नक्की.

मावेंझी आणि किबोच्या मधलं पठार मी विसरणार नाही. झाड नाही, पक्षी नाही, नुसती तपकिरी माती आणि समोर तो घुमट. चार तास चाललो तरी तो जवळच येईना.

शिखराच्या रात्री घसाऱ्यावर मी पावलं मोजत होते. शंभर झाली की थांबायचं, मग पन्नास, मग वीस. गिलमन्सला उजाडलं. अहो तिथे बसले आणि म्हणाले, माझा उहुरू हाच. कंबर नाही, धाप. एका गाईडबरोबर ते उतरले, भांडले नाहीत. आम्ही दोघी पुढे गेलो, काठाकाठानं, डावीकडे बर्फाच्या भिंती. ५,८९५ च्या पाटीपाशी लेक रडली आणि माझा चष्मा गोठला, त्यामुळे मला पाटी नीट दिसलीच नाही. फोटोत बघितली.

उतरणं मात्र वाईट. त्याच दिवशी थेट होरोंबो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. अहो तिथे चाय पीत बसले होते, सोबत पॉपकॉर्न.

जुना खडूस (२१ नोव्हेंबर, सकाळी ८:२०)

अभिनंदन. आता साल्हेर करा.

डॉ. अडुळसा (२१ नोव्हेंबर, सकाळी ९:१०)

अहोंचं विशेष अभिनंदन, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. 

अर्धा कप (२१ नोव्हेंबर, रात्री ९:००)

वाचून झालं, बायकोलाही वाचून दाखवलं. फेब्रुवारीचं बुकिंग केलंय. पाऊस नसल्यानं लेमोशो, ८ दिवस. केळफूलताई, एक विचारायचं होतं. मागच्या वेळी शिखराच्या रात्री माझ्या पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठली होती. तुम्ही पाण्याचं काय केलंत?

केळफूल (२१ नोव्हेंबर, रात्री ९:२५)

नळीची पिशवी किबोलाच ठेवली. साध्या रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घेतल्या, त्यात गरम पाणी, लोकरीच्या मोज्यात घालून सॅकमध्ये उलट्या ठेवल्या. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे झाकणाकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी राहते. एक बाटली जॅकेटच्या आत धरलीत तर अजून बरं. आणि मोजे जुने न्या, माझा एक तिथेच राहिला.